रहाडीचा रंग ठरलेला असतो

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाच्या जावा आवृत्तीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या, पाण्याला रंग देता येत नाही. दलदलीत ते गढूळ हिरवट दिसतं, उष्ण समुद्रात नितळ, गोठलेल्या प्रदेशात गडद. पण हा रंग त्या त्या प्रदेशाला जोडलेला असतो, तो बदलणं खेळणाऱ्याच्या हातात नसतं. फोनवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत कढईतल्या पाण्यात रंग कालवायची सोय आहे, पण तो रंग कढईपुरताच.

आणि माझ्या भाचरांना तिथे रहाड बांधायची होती.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जुन्या नाशकात तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी रस्त्याखाली पेशवेकाळापासूनचे दगडी हौद आहेत. त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्यांच्यावर लाकडं, लाकडांवर माती आणि मातीवरून रहदारी. रंगपंचमीच्या आधी माती उपसतात, लाकडं काढतात, हौद स्वच्छ करून पाणी भरतात, फुलापानांचा रंग उकळून त्यात सोडतात, पूजा होते आणि मग उड्या सुरू होतात. उडीला धप्पा म्हणतात. धप्पा असा मारायचा की काठावरची माणसं भिजली पाहिजेत. कोणत्या रहाडीच्या पूजेचा मान कोणाचा हे ठरलेलं असतं आणि रहाडीचा रंगही ठरलेला असतो.

भाची पुण्याला असते. यंदा रंगपंचमीच्या सुमारास तिची परीक्षा होती, त्यामुळे तिला येता आलं नाही. भाचा इथलाच, इंदिरानगरचा. त्यानं शनि चौकातून येऊन रंगलेला शर्ट तिला व्हिडिओ कॉलवर दाखवला होता आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिसरा त्याचा वर्गमित्र, मूळचा निफाडकडचा, घरची द्राक्षबाग असलेला. मे महिन्यात तिघांनी मिळून मला गाठलं. ‘मावशी, तू सर्व्हर लावून दे, रहाड आम्ही बांधतो.’ मी सातपूरला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते आणि हा खेळ बरीच वर्षं खेळते, हे तिघांनाही माहीत आहे. मला त्यांची मागणी मनापासून आवडली. पुण्यातल्या मुलीला नाशकातला आपला सण पुन्हा हवा होता आणि तो कसा मिळवायचा ते तिनंच शोधून काढलं होतं.

सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं सामायिक जग चालवणारा प्रोग्रॅम, घरच्या कॉम्प्युटरवरही चालतो, पण तो आमच्या कामाचा नव्हता. अलीकडे अनेक ब्रॉडबँडवाले एकच बाहेरचा पत्ता पुष्कळ घरांत वाटून देतात, त्यामुळे पुण्याहून कोणी हाक मारली तरी ती आपल्या घरापर्यंत पोचतच नाही. राउटरमध्ये २५५६५ हे पोर्ट कितीही उघडलं तरी उपयोग होत नाही. शिवाय मे महिन्याच्या दुपारी वीज जाते ती जातेच. म्हणून भाड्याचा सर्व्हर घेतला, मशिन मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. भाडं तिन्ही घरांनी वाटून घेतलं. हे मी मुद्दाम केलं. ते जग कोणा एकाच्या घरचं व्हायला नको होतं.

आता मॉडपॅक. रंगीत पाणी मूळ खेळात नाही, म्हणून ते मॉडनं, म्हणजे हौशी लोकांनी खेळात घातलेल्या भरीनं, आणायचं होतं. हा खेळ लोकांसमोर पहिल्यांदा आला २००९ साली आणि त्याची पूर्ण आवृत्ती निघाली नोव्हेंबर २०११ मध्ये. जावा भाषेत लिहिलेला असल्यानं हौशी लोकांनी तो उलगडून वाचायला आणि त्यात भर घालायला सुरुवात केली. सुरुवातीच्या त्या दिवसांत मॉड टाकायचा म्हणजे खेळाच्या मूळ फाइलमध्ये आपली फाइल घुसवायची. दोन मॉडनी एकाच जागी हात घातला की खेळ बंद. २०११ मध्येच फोर्ज आलं. त्यानं मूळ खेळात ठिकठिकाणी जागा करून दिल्या: तुम्हाला काही जोडायचं असेल तर ते इथे जोडा, दुसऱ्याच्या अंगावर पाय देऊ नका. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती धातूंची. तेव्हा मूळ खेळात तांबं नव्हतं (ते खेळाच्या १.१७ या आवृत्तीत आलं). पण दहा मॉडवाल्यांनी आपापलं तांबं बनवलं होतं आणि एकाचं तांबं दुसऱ्याच्या भट्टीला चालत नव्हतं. फोर्जनं सगळ्यांसाठी एक सामायिक कोश ठेवला. त्यात आपल्या तांब्याची ‘तांबं’ म्हणून नोंद करायची, की ते कोणाच्याही यंत्रात चालायचं. हे कोणी सक्तीनं करायला लावलं नव्हतं. जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या, बहुतेक फुकट राबणाऱ्या माणसांनी ते मान्य केलं. मॉडपॅक नावाची गोष्ट शक्य झाली ती या मान्यतेमुळे. शेकडो मॉड एकत्र नांदतील अशी यादी करायची, त्यांच्या सेटिंग जुळवायच्या आणि ते सगळं एका नावानं लोकांना द्यायचं, याला मॉडपॅक म्हणतात.

कर्सफोर्ज या मॉडच्या साइटवरून पॅकची झिप उतरवून उघडली की मुलं गोंधळतात, कारण बहुतेक वेळा आत मॉड नसतातच. एक मॅनिफेस्ट असतं: अमुक क्रमांकाचा प्रकल्प, त्यातली तमुक क्रमांकाची फाइल, अशी लांबलचक यादी. आणि ओव्हरराइड्स नावाच्या फोल्डरमध्ये पॅक करणाऱ्यानं बदललेल्या सेटिंग. यादी वाचून फाइली गोळा करायचं काम आपल्या कॉम्प्युटरवरचं लाँचर, म्हणजे खेळ सुरू करून देणारा प्रोग्रॅम, करतं. सर्व्हरवर लाँचर नसतं, त्यामुळे ही झिप तिथे नेऊन उलगडली तर काहीच घडत नाही. त्यासाठी पॅकवाले वेगळा सर्व्हर पॅक देतात, तो घ्यायचा. मॉडरिंथ या दुसऱ्या साइटची पद्धत मला अधिक नेटकी वाटते. तिच्या यादीत प्रत्येक फाइलचा हॅश असतो, म्हणजे उतरवलेली फाइल तीच आहे का हे तपासता येतं, आणि ती खेळणाऱ्याकडे लागते, सर्व्हरवर लागते की दोन्हीकडे, हेही नोंदवलेलं असतं.

हा दोन्हीकडचा फरक आधी समजून घ्यायला हवा. सर्व्हरला पडदा नसतो. तो काहीच दाखवत नाही, फक्त हिशोब ठेवतो: कोण कुठे आहे, कोणता ठोकळा कुठे आहे, भट्टीत काय वितळतंय. त्यामुळे सावल्या सुंदर करणारे, मेनू बदलणारे मॉड सर्व्हरवर गेले की ते चित्र काढायचं सामान शोधायला लागतात, ते तिथे नसतं आणि सर्व्हर सुरू होता होता कोसळतो. फोर्ज तसं स्पष्ट लिहितं: अमुक क्लास चुकीच्या बाजूला उघडायचा प्रयत्न झाला, ही बाजू डेडिकेटेड सर्व्हरची आहे. मुलांनी पॅकमध्ये आपल्या आवडीचे आणखी चार-दोन मॉड घातले होते, म्हणून हे आमच्याकडेही झालं.

तिथे मी त्यांना लॉग वाचायला बसवलं. या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. लॉग म्हणजे शेकडो ओळींची, पहिल्या नजरेत परकी वाटणारी फाइल. मुलं ती बघतात आणि लगेच कोणालातरी विचारायला धावतात. मी म्हटलं, विचारू नका, वाचा. वरच्या चार ओळींत घाबरण्यासारखं बरंच असतं, पण मूळ कारण तिथे नसतं. ‘कॉज्ड बाय’ शोधा. एकाखाली एक असे अनेक सापडतील, त्यातला शेवटचा बघा. त्याच्या आसपास बहुधा एखाद्या मॉडचं नाव असतं. भाचीनं ते पुण्यात बसून, स्क्रीन शेअर करून, मोठ्यानं वाचत वाचत शोधलं. तिच्या आवाजात सापडल्याचा जो आनंद होता तो मी तिच्या कोणत्याही निकालाच्या दिवशी ऐकलेला नाही. तो मॉड सर्व्हरच्या फोल्डरमधून काढला, तिघांकडे तसाच ठेवला, आणि सर्व्हर एक पाऊल पुढे गेला. मग पुढचं ‘कॉज्ड बाय’: एका मॉडला लागणारी लायब्ररी नाही. त्याच्यापुढे: लायब्ररी आहे, पण जुनी.

स्टोअरमध्ये आम्ही ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघितल्याशिवाय पार्ट हातात देत नाही. दिसायला दोन्ही पार्ट एकच, पण रिव्हिजन ‘बी’चा ब्रॅकेट ‘सी’च्या जागी बसत नाही, आणि तो बसवलेला असेंब्ली लाइनवर जाऊन कळतो. मॉडचंही तसंच आहे. १.२०.१ च्या पॅकमध्ये १.२०.४ चा मॉड चालत नाही, फोर्जच्या पॅकमध्ये फॅब्रिक या फोर्जसारख्याच दुसऱ्या पायावरचा चालत नाही आणि सर्व्हरवरची यादी तुमच्याकडच्या यादीशी जुळली नाही तर दारातच परत पाठवतात. जोडणी होतानाच दोन्ही बाजू आपापल्या याद्या ताडून बघतात. निफाडच्या मुलाच्या लॅपटॉपवर एक मॉड आपोआप अपडेट झाला होता. त्याला वाटलं नेट गेलं. मी त्याला संदेश वाचायला सांगितला, त्यात मॉडचं नाव होतं, आपल्याकडची आवृत्ती होती, सर्व्हरची होती. त्यानं शांतपणे जुनी फाइल परत टाकली आणि आत आला. ‘मावशी, तुम्ही सांगितलं तसं सगळं लिहिलेलं असतं,’ म्हणाला.

जावाच्या आवृत्तीचं लवकर उरकते, कारण ते नियमानं ठरलेलं आहे: १.१६.५ पर्यंतच्या पॅकना जावा ८, १.१८ पासून १.२०.४ पर्यंत जावा १७, १.२०.५ पासून १.२१ च्या पॅकपर्यंत जावा २१. भाड्याच्या सर्व्हरच्या पॅनेलमध्ये हे निवडायची जागा असते. रॅमबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. आमची योजना ८ जीबीची होती. जावाला मात्र पूर्ण ८ देऊ नयेत. खेळाचं जग जिथे राहतं त्या जागेखेरीज जावाला स्वतःसाठीही मेमरी लागते, आणि दोन्ही मिळून योजनेच्या वर गेलं की यंत्रणा सर्व्हरला काही न विचारता मारून टाकते. तेव्हा लॉगमध्ये धड शेवटची ओळही नसते, फक्त १३७ हा आकडा पॅनेलमध्ये दिसतो. आम्ही जावाला साडेसहा दिले. आणि नुसती रॅम वाढवून खेळ वेगवान होत नाही. सर्व्हरनं सेकंदाला २० टिक, म्हणजे जगाच्या हिशोबाचे ठोके, द्यायचे असतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. जगाचा मुख्य हिशोब बराचसा प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर होतो, त्यामुळे तो गाभा किती चपळ आहे हे महत्त्वाचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात रॅम लिहितात, प्रोसेसर बारीक अक्षरात. घेताना बारीक अक्षरं वाचावीत.

पहिल्यांदा सुरू केल्यावर सर्व्हर एक करारनाम्याची फाइल लिहितो, त्यात संमतीपुढे ‘फॉल्स’ असतं, आणि थांबतो. ते ‘ट्रू’ केल्याशिवाय पुढे जात नाही. बहुतेक लोक शब्द बदलून पुढे होतात. मी तिघांना तो करार उघडून वाचायला लावला, कारण ‘मला मान्य आहे’ हे वाक्य वाचल्याशिवाय लिहायची सवय वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी लागू नये असं मला वाटतं. त्यानंतर सर्व्हरची सेटिंगची फाइल. व्हाइटलिस्ट चालू, म्हणजे यादीत नाव असेल तोच आत येईल. ऑनलाइन मोड चालूच ठेवायचा. तो बंद केला तर कोणीही कोणाचंही नाव लावून आत येऊ शकतो. मुलं खेळत असतील तिथे या दोन गोष्टींवर तडजोड नाही. उडण्याची परवानगी मात्र ‘ट्रू’ करावी लागते, नाहीतर मॉडमधली उडायची साधनं वापरणाऱ्याला सर्व्हर फसवणूक करणारा समजून बाहेर काढतो. आणि मॉड घ्यायचे ते प्रकल्पाच्या मूळ पानावरूनच, तेही डोळे उघडे ठेवून. जून २०२३ मध्ये कर्सफोर्जवरच्या काही लेखकांची खाती चोरांच्या हाती गेली आणि चांगल्या नावाच्या मॉडमधून घातक प्रोग्रॅम पसरला होता. तो प्रसंग मी मुलांना सविस्तर सांगितला. त्यांना तो गोष्टीसारखा आवडला, पण तेव्हापासून भाचा कुठल्याही अनोळखी साइटवरचं काही उतरवत नाही.

हे सगळं झाल्यावरही मी जग सुरू करू दिलं नाही. आधी यादी पक्की करा म्हटलं, आणि इथे खरी चर्चा झाली.

कारण असं की या खेळात जमीन एकदाच घडते. जग १६ बाय १६ च्या तुकड्यांत बनतं, तुम्ही चालत पुढे जाल तसतसा पुढचा तुकडा तयार होतो, आणि तयार झाला की डिस्कवर लिहिला जातो. नवे डोंगर-जंगलं आणणारा मॉड नंतर टाकला तर तो फक्त अजून न बनलेल्या तुकड्यांत दिसतो, आणि जुनं-नवं जिथे भिडतं तिथे डोंगर मधोमध कापल्यासारखा उभा कडा तयार होतो. मॉड काढला तर त्याहून वाईट. त्या मॉडचे ठोकळे जिथे जिथे लावले होते तिथे हवा उरते. घराची भिंत, कपाटातलं सामान, यंत्र, सगळं जातं. म्हणून सामायिक जगात काय येऊ द्यायचं हे सगळ्यांनी, आधी, एकत्र बसून ठरवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ‘नंतर बघू’ हे तिथे चालत नाही. बाकीच्या आयुष्यात मुलांना किती गोष्टी परत फिरवता येतात! चॅट पुसता येतं, फोटो काढून टाकता येतो, गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो. इथे तिघांचे श्रम एकाच जमिनीवर उभे राहणार होते, आणि एकाच्या लहरीनं काढलेला मॉड दुसऱ्याचं घर पाडणार होता. हे त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. एकदा प्रतीवर करून दाखवलं, तेवढ्यानं भागलं.

भाच्याला बंदुकांचा मॉड हवा होता. बाकी दोघांनी नाही म्हटलं. त्यानं कारणं मागितली, त्यांनी दिली, त्याला पटली नाहीत, तरी त्यानं मानलं. भाचीला नवं भूदृश्य हवं होतं, ते सगळ्यांना हवं होतं. निफाडच्या मुलाला फक्त शेतीचं काही हवं होतं. आणि यंत्रांसाठी क्रिएट, यावर दुमत होण्याचा प्रश्नच नव्हता. क्रिएटमध्ये वीज नाही, पाणचक्की आहे, पवनचक्की आहे, दंड, दातेरी चाकं, पट्टे. चाक फिरताना दिसतं, कोणतं कोणाला फिरवतंय ते डोळ्यांनी कळतं. गुंतागुंतीच्या गोष्टी इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा मॉड मला माहीत नाही.

रंगाचा प्रश्न क्यूबजेएसनं सोडवला. हा मॉड स्वतः खेळात काहीच आणत नाही. तो तुम्हाला लिहायला जागा देतो. त्याचे तीन फोल्डर: सुरू होतानाच्या स्क्रिप्टचा, सर्व्हरच्या स्क्रिप्टचा, खेळणाऱ्याच्या बाजूच्या स्क्रिप्टचा. पहिल्यात चार ओळी लिहिल्या की नवा द्रव जन्माला येतो: नाव, दिसण्याचं नाव, पातळ पाण्यासारखा पोत, आणि रंगाचा आकडा. आतलं नाव रोमन लिपीतल्या लहान अक्षरांतच द्यावं लागतं. दिसण्याचं नाव मराठीत देता येतं, पण खेळाला देवनागरीची अक्षरं नीट जुळवता येत नाहीत, जोडाक्षर फुटतं आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते. म्हणून मुलांनी जोडाक्षर नसलेली, ऱ्हस्व वेलांटी नसलेली नावं शोधली. गुलाबी बसलं. पिवळा बसेना, तेव्हा हळदी घेतलं. केशरी बसलं. रंगाचा आकडा भाचीनं भावाच्या त्या शर्टाच्या फोटोतून उचलला.

वाद इथे झाला. भाचीचं म्हणणं, आपलं जग आहे, एकाच हौदात तिन्ही रंग सोडू, छान दिसेल. भाच्यानं साफ नाही म्हटलं. रहाडीचा रंग ठरलेला असतो, तो आपण ठरवत नाही. मग तीन हौद बांधायचे आणि प्रत्येकाचा मान एकाकडे, असं ठरलं. गुलाबीचा मान भाचीला मिळाला. पूजा तिच्या हातून होणार आणि पहिला धप्पाही तिचाच.

या चार ओळींची फाइल सर्व्हरवरही लागते आणि तिघांकडेही, अगदी तीच, कारण नवा पदार्थ जगात यायचा तर तो सगळ्यांना ठाऊक असावा लागतो. पण तो द्रव कसा बनवायचा, ही कृती सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये राहते. तिथे बदल केला तर सर्व्हर बंदही करावा लागत नाही, एका आज्ञेनं ती पुन्हा वाचली जाते आणि सर्व्हर ती सगळ्यांना कळवतो. कृती मुलांनी अशी केली: क्रिएटच्या मिक्सरखाली टोपलं, टोपल्याखाली जाळ, आत पाणी आणि रंग. गुलाबी रंग चेरीच्या राईत मिळणाऱ्या पाकळ्यांचा, पिवळा सूर्यफुलाचा, केशरी नारिंगी ट्यूलिपचा. जाळ नसेल तर रंग बनत नाही. ही अट भाच्यानं घातली, कारण त्यानं खरा रंग उकळताना पाहिला होता.

मग तो द्रव क्रिएटच्या पंपानं नळांतून हौदाकडे न्यायचा आणि होज पुलीनं, म्हणजे नळी खाली सोडणाऱ्या कप्पीनं, खाली सोडायचा. इथे मला राहवलं नाही, मी मुलांना थांबवून हे दाखवलं. क्रिएट लिहिणाऱ्यांना आपला गुलाबी रंग ठाऊक असायचं कारणच नाही. क्यूबजेएस लिहिणाऱ्यांनी रहाड हा शब्द ऐकलेला नसणार. तरी एकाचा पंप दुसऱ्याचा द्रव बिनबोभाट उचलतो, कारण द्रव कसा द्यायचा-घ्यायचा याबद्दल फोर्जनं घालून दिलेली एक रीत दोघेही पाळतात. तिघं काही बोलले नाहीत, पण भाची मागे गेली आणि नळाची जोडणी पुन्हा एकदा नीट बघून आली.

नदीच्या वळणाशी जागा निवडली होती. काठावर दुतोंड्या मारुतीही उभा केला, कारण गोदावरीला पाणी किती चढलं ते नाशकात त्याच्यावरून सांगतात आणि त्याच्याशिवाय नदी पुरी वाटेना. हौदांवर लाकडं टाकली, लाकडांवर माती. उघडायच्या दिवशी तिन्ही घरांतली मोठी माणसंही पडद्यासमोर होती. माझ्या बहिणीनं पुण्यात खरोखर हळद-कुंकू काढून ठेवलं होतं. गुलाबी भरायला बराच वेळ लागला, पुली एकेक ठोकळा भरत जाते. भाचीनं धप्पा मारला तेव्हा ती काहीतरी ओरडली, ते माइकवर फुटलं, नीट कळलं नाही, आणि भाचा म्हणाला, ‘आता ओली झालीस ना?’ त्याच्या बोलण्यात चिडवणं नव्हतं.

शाळा सुरू झाल्यावर खेळ शनिवार-रविवारवर आला, जग मात्र चालू आहे. मध्यंतरी पॅकची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात क्रिएट ०.५.१ वरून एकदम ६ वर गेलं होतं. क्रिएटला जोडून चालणारे बरेच मॉड या उडीत मागे राहिले होते, आणि आमची रंगाची कृती अशाच एका जोड-मॉडवर उभी आहे. पॅनेलवर अपडेटचं बटण दिसत होतं, एका टिचकीचं काम. मुलांनी ते दाबलं नाही. भाच्यानं सर्व्हर थांबवला, जगाचा पूर्ण फोल्डर एसएफटीपीनं (फाइली नेण्या-आणण्याची सुरक्षित पद्धत) घरी उतरवून घेतला, माझ्या कॉम्प्युटरवर नव्या पॅकमध्ये ती प्रत उघडली आणि लॉग वाचला. निर्णय तिघांनी मिळून घेतला: जुन्यावरच राहायचं. या उतरवलेल्या फोल्डरचं महत्त्व मी सगळ्यांना सांगत असते. भाड्याचा सर्व्हर उद्या सोडला तरी तो फोल्डर आणि मॉडची तीच यादी असेल तर ते जग कुठल्याही मशिनवर उघडतं. आता दर महिन्याला एक प्रत नाशिकला आणि एक पुण्याला ठेवली जाते.

निफाडच्या मुलाची मागणी मात्र मान्य झाली. विनरी नावाचा द्राक्षांचा मॉड आहे, तो त्याला हवा होता. त्याला लागणारी आर्किटेक्चरी लायब्ररी आमच्याकडे आधीच होती, क्यूबजेएसलाही तीच लागते. आधी प्रतीवर चालवून बघितला, मग सगळ्यांनी एकाच दिवशी आपापल्याकडे टाकला. पण तो खूश नाही. त्याचं म्हणणं, या द्राक्षांना छाटणीच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली नाही, ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली नाही, तर घड येतीलच कसे? हल्ली तो रोज संध्याकाळी मला फोन करून कात्रीनं वेल कापल्याशिवाय फळ धरणार नाही अशी स्क्रिप्ट कशी लिहायची ते विचारतो. अर्धी त्यानं लिहिली आहे. बाकी दोघांची संमती त्यानं आधीच घेऊन ठेवली आहे.